यमुनामावशी आणि ओली भिंत

ओल आलेली भिंत दाखवायला कोणी यमुनामावशीला घरी नेलं, तर ती भिंतीकडे बघायच्या आधी घराबाहेर जायची. घरातले लोक आत उभे राहून डागाकडे बोट दाखवत असायचे आणि ही मागच्या बोळीत पदर खोचून वर बघत असायची. मग घराला एक पूर्ण वळसा. गच्चीचं पाणी कुठे पडतं, छज्जा कोणीकडे झुकला आहे, अंगणात मुरूम टाकून टाकून ते घरापेक्षा उंच झालं आहे का, हे सगळं बघून झालं की ती आत यायची, चहाला हो म्हणायची आणि विचारायची, "बोला, कवापासून हाय?"

"डाग आतमंदी दिसते, पन दुखनं बाहेर असते," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ती इतक्या सहज म्हणायची की ऐकणाऱ्याला ते उगाच म्हटल्यासारखं वाटायचं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. माझं लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं आणि घरच्यांचे, शेजाऱ्यांचे अर्ज. त्यामुळे एका माणसाबद्दल लिहिणं जमेल की नाही, याची मला खात्री नाही. पण मावशीबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि तिला ओळखणाऱ्या बाकीच्या बायकांना लिहिता येत नाही.

मावशी मूळची तळेगावकडची. लग्न होऊन वर्ध्यात आली. नवरा मिस्त्री आणि ही रेजा, म्हणजे बांधकामावर घमेली वाहणारी मजूर बाई. माझी आईही लग्नानंतर दोन वर्षं रेजा होती, तिथली ही ओळख. पुढे नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हा मावशीने त्याची करणी, म्हणजे गिलाव्याची थापी, स्वतःच्या हातात घेतली. बाई मिस्त्री म्हणून लोक हसले. आईने एकदा विचारलं, तू भिंतीचं एवढं कुठे शिकलीस? तेव्हा मावशी म्हणाली, "मिस्त्री भिंत उभी करून दुसऱ्या कामावर जाते. मांगून तिच्यावर पंधरा दिवस पानी कोन मारते? रेजाच ना? मंग भिंत कुठून पानी पिते, कुठून नाई पित, हे कोनाले जास्त ठाऊक?"

डोक्यावरचं घमेलं सुटून बरीच वर्षं झाली होती, पण ती चालायची मात्र अजून डोक्यावर भार असल्यासारखीच, मान ताठ ठेवून. हातात नायलॉनची पिशवी. तिच्यात मोडक्या छत्रीची एक काडी असायची, भिंतीच्या सांध्यांत खुपसून बघायला. आणि कोळशाचा तुकडा. डाग पाहिला की ती त्याच्या कडेने कोळशाची रेघ ओढायची. पाऊस येऊन गेला की पुन्हा यायची आणि डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर दुसरी रेघ ओढायची. पावसाने डाग वाढतो का, किती तासांनी वाढतो, हे तिला त्या रेघांवरून कळायचं. घरच्या बायका मात्र कळवळायच्या.

"अवो मावशी, डिस्टेंपर हाय तो!"

"होता," मावशी म्हणायची आणि रेघ पूर्ण करायची.

तिला काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॉलेजात. परीक्षेचे दिवस होते, चैत्राचं ऊन होतं आणि वाचनालयाच्या एका भिंतीवर मोठा ओला डाग आला होता. वर गच्ची असल्यामुळे पाणी गच्चीतूनच झिरपतं असं सगळ्यांनी धरलं होतं. गच्चीवर दोनदा काहीतरी काळं लावून झालं होतं. डाग काही हलला नव्हता. शेवटी शिपाईकाकांनी मावशीला आणलं. ग्रंथालयाचे सर तिला सगळा इतिहास सांगू लागले.

तिने मध्येच विचारलं, "सर, पाऊस कवा पडला होता?"

"झाले असतील पाच महिने."

"मंग चैतात गच्चीवरून कोनतं पानी येऊन राह्यलं?"

आम्ही वाचणारी मुलं हसलो. सरही हसले, जरा उशिरा. मावशी बाहेर जाऊन आली आणि खिडकीतल्या कूलरकडे हात करून म्हणाली, "हे बंद करा. तीन दिवस."

आता हसायची पाळी आमची राहिली नाही. वर्ध्याच्या उन्हात तीन दिवस कूलर बंद! मीच सगळ्यांत आधी कुरकुरले. तिने माझ्याकडे पाहिलं. "मरत नाई कोनी. झाडाखाली बसून वाचजो." चौथ्या दिवशी डाग कोळशाच्या रेघेच्या चार बोटं आत सरकला होता. कूलरमधून सांडणारं पाणी खिडकीच्या उंबऱ्यावर पडत होतं आणि तो उंबरा आतल्या बाजूला उतरता होता. इतकंच. मावशीने तो बाहेरच्या बाजूला उतरता करून दिला. त्याच्या पुढच्या कडेखाली तिने बोटभर खाच पाडली, म्हणजे पाण्याचा थेंब तिथेच तुटून खाली पडावा, कडेखालून फिरून भिंतीकडे येऊ नये. सरांनी कौतुकाने विचारलं, "बाई, हे कुठे शिकलात?"

"घमेल्याखाली," ती म्हणाली.

आईने सांगितलेली एक गोष्ट बोरगाव मेघेतल्या एका गुरुजींची आहे. त्यांच्या बैठकीतल्या भिंतीला ओल होती, पोपडे पडत होते आणि दोन दिवसांनी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. गुरुजींनी प्लास्टिकची चकचकीत पॅनेलं आणून ठेवली होती. मावशीने फक्त ती भिंतीवर ठोकून द्यावीत, एवढंच काम.

"आतमंदी ओल ठेवून वरून झाकू?" मावशीने विचारलं.

"तात्पुरतं, बाई. पाहुणे येऊन गेले की बघू."

"पाहुने पोरगी पाहाले येऊन राह्यले का भिंत?"

ती चहा न घेता निघून आली. पाहुणे आले, त्यांनी ओल पाहिली आणि मुलाच्या वडिलांनी जाताना विचारलं, आमच्याकडेही अशीच आहे, तुम्ही कोणाला दाखवलं? पुढे दोन्ही घरच्या भिंती मावशीने दुरुस्त केल्या. लग्न जमलं की नाही, ते मात्र आईला आठवत नाही.

आता मी आमच्या घराचं सांगते. ते सांगताना मला थोडं अवघड वाटतं.

आमचं घर वर्ध्याजवळ नालवाडीला. शेजारी मडावीकाका. दोन घरांच्या मध्ये दोन हात रुंदीची बोळ. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मडावीकाका वनविभागाच्या रोपवाटिकेत मजूर होते. दोघांनी एकाच उन्हाळ्यात घरं बांधली, एकमेकांच्या विटा उतरवल्या. काका-काकी आपसात गोंडीत बोलायचे आणि आम्ही गेलो की मराठीवर यायचे. चार वर्षांपूर्वी सुगंधाकाकींना लकवा झाला. उजवा हात आणि पाय नीट चालेनात. न्हाणीघर होतं पार मागे, चिखलातून जावं लागायचं. म्हणून काकांनी बोळीतच एक छोटी मोरी बांधली. तिचे टिनपत्रे आमच्या भिंतीला टेकवले. बाबांना विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बांध ना बाप्पा. विचारते काय त्याच्यात?"

पुढच्याच पावसाळ्यात आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीला ओल आली, नेमकी मोरीच्या पाठीमागे. त्याच्या पुढच्या वर्षी ती खिडकीएवढी झाली. कपाटातले कपडे बुरसले, आईचा खोकला जाईना. बाबा आणि काका आधी हळू बोलले, मग जोरात, मग बोलायचेच बंद झाले.

पुरावा शोधला तो मी. श्रावणात काकींना तपासणीसाठी आठ दिवस नागपूरला नेलं होतं. मोरी बंद होती आणि त्या आठ दिवसांत आमची भिंत सुकत आली. मी बाबांना म्हटलं, "बघा, ते नव्हते तर ओल कमी झाली." मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. मग ग्रामपंचायतीसाठी अर्जही मीच लिहिला. मोरी पाडण्याचा आदेश व्हावा, अशी मागणी केली. 'सबब' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. पुढच्या सोमवारी पंचायतीची माणसं पाहणीला येणार, असं कळलं.

त्याच आठवड्यात काका कुंपणापाशी आईला म्हणाले, "वहिनी, सुगंधा आंघोळच करत नाई आता. एक दिवसाआड करते. म्हनते, आपल्या पान्यानं त्यायची भिंत पडन."

आईने कोणाला न विचारता मावशीला बोलावलं.

मावशी आली ती गुरुवारी. नेहमीसारखी आधी बोळीत गेली. बाबा तिच्या मागोमाग गेले आणि हळूच म्हणाले, "यमुनाबाई, तुमी फक्त एवढं सांगा, का पानी मोरीतून येऊन राह्यलं. तुमचं सारे ऐकते."

"तुमाले ठाऊक हाय त तुमीच सांगा ना, दिलीपभाऊ. मले कायले बोलावलं?"

"दिसून नाई राह्यलं काय समोर?"

"दिसते." ती भिंतीला हात लावत म्हणाली, "मी बी एकदा असंच दिसते म्हनून बोल्ली होती. त्या मानसानं चांगला नळ उखडून फेकला. ओल होती टाकीची. मंग मीच त्याच्या दारात गेली अन् म्हनलं, बाप्पा, चुकली मी. तवापासून पाह्यल्याशिवाय नाई बोलत."

तिने काकींना दारात खुर्चीवर बसवलं आणि मोरीचं तोंड फडक्याने बंद केलं. कपड्याला घालायची नीळ पाण्यात कालवून तिने मोरी घोट्याएवढी भरली. "हे पानी उद्यापरेंत असंच राहू द्या. मोरीतून येत असन त तुमच्या भितीले निळं दिसन." मोरीत निळं पाणी साठलेलं पाहून काकी घाबरल्या. मावशी त्यांना म्हणाली, "तुमी नका भिऊ. आज मोरीची परीक्षा हाय, तुमची नाई."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर निळा ठिपकाही नव्हता.

"एका दिवसात काय होते?" बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघून तो पुरावा काढला. "पोरीनं पाह्यलं ना. हे लोक नव्हते त आठ दिवस भित सुकली."

मावशी माझ्याकडे वळली. "त्या आठ दिवसात पाऊस होता काय व?"

मी ते दिवस आठवू लागले. त्या आठवड्यात आईने गाद्या उन्हात टाकल्या होत्या. मी स्वतः त्या उलटवल्या होत्या. चांगली उघडीप होती. मोरी बंद होती तसा पाऊसही बंद होता, आणि मी फक्त मोरीकडे पाहिलं होतं.

"नव्हता," मी म्हटलं.

"अर्धंच पाह्यलं तू, कॉलेजवाली," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी पाऊस नव्हता. मावशीने काकांच्या घरचाच पाण्याचा पाइप घेतला आणि बोळीत शिडी लावली. भिंतीच्या तळापासून सुरुवात केली. एका उंचीवर अर्धा तास पाणी, मग थांबायचं, मग हातभर वर. वरून सुरू केलं तर पाणी खाली ओघळून सगळीच भिंत भिजते आणि कुठून शिरलं ते कळत नाही, म्हणून खालून वर. बाबा आत टॉर्च घेऊन कोळशाच्या रेघेसमोर बसले होते, शेजारी आई. "काई नाई," ते दर वेळी ओरडायचे आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा कमी चढायचा.

दुपारी पाइप मोरीच्या पत्र्याच्या वर पोचला. मावशीने छत्रीची काडी भिंतीवर फिरवली आणि ती एका ठिकाणी वीतभर आत गेली. शेजारी तसंच दुसरं भोक. अशी पाच, एका ओळीत. वरून पुट्टी लावलेली होती, ती फुगून गळून पडली होती. मावशीने त्या ओळीवर पाणी धरलं. अर्ध्या तासाने आतून आईचा आवाज आला, "येऊन राह्यलं! रेघेच्या बाहेर येऊन राह्यलं!"

बाबा बोळीत आले. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. मलाही कळलं.

मोरी बांधायच्या दोन वर्षं आधी ताईचं लग्न घरीच झालं. मांडव घराला बांधलेला हवा, असं आमच्याकडे मानतात. पण गल्लीत सिमेंटचा रस्ता झालेला, खांब पुरायला माती नाही. म्हणून बाबांनी बोळीकडच्या भिंतीतच सळीचे पाच तुकडे ठोकले आणि मांडवाच्या दोऱ्या वरून ओढून त्यांना बांधल्या. लग्न झाल्यावर सळ्या उपटल्या, भोकांवर पुट्टी फासली. पाणी तिथून शिरत होतं, विटांच्या सांध्यांतून उतरत होतं आणि खाली, नेमकं मोरीच्या पाठीमागे, बाहेर पडत होतं. मोरी बांधायच्या आधीच ते शिरू लागलं असणार. दिसायला लागलं तेव्हा मोरी समोर होती.

काकांनीही वर पाहिलं. मग मडावीकाका म्हणाले, "दिलीपभाऊ, ह्या सळ्या ठोकल्या तवा शिडी म्याच धरली होती."

"मंग दोघायचंही काम हाय," मावशी शिडीवरून म्हणाली. "आता तरी एकानं धरा शिडी, मले खाली याचं हाय."

दोघंही पुढे आले.

बाबांनी त्या दिवशी माफी मागितली नाही. त्यांना ते येत नाही. रात्री जेवताना मला म्हणाले, "लिहून दे, आमची काई तक्रार नाई म्हनून." रविवारी सकाळी मी तसं लिहून मावशीला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"असं नाई. पानी आमच्याच भितीच्या भोकातून आलं, मोरीचा दोष नाई, असं लिही. नाई त गावात त्या बाईच्या मोरीचं नाव तसंच राह्यते."

मी बाबांकडे पाहिलं. ते बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसले. मग म्हणाले, "लिही." सोमवारी पंचायतीची माणसं आली तेव्हा तो कागद बाबांनीच त्यांच्या हातात दिला. काका आपल्या दारात उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाबा म्हणाले, "चूक आमची होती."

दुरुस्तीला मावशीने घाई केली नाही. उघडीप मिळाली तेव्हा तिने भोकं छिन्नीने आणखी मोठी केली, आतली भुकटी काढली, बारीक गिट्टी घातलेला सिमेंटचा माल सळीने ठासून भरला. एकदम नाही, दोन वेळा मिळून. वरून गिलावा केला आणि सात दिवस ओलं तरट बांधून ठेवलं. आतल्या बाजूला डागाच्या हातभर पलीकडपर्यंत सगळा गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या. म्हणाली, "आता दिवाईपरेंत हात लावायचा नाई."

आई रडकुंडीला आली. "महालक्ष्म्या बसतात व त्या खोलीत! पन्नास मानसं जेवाले येते!"

"येऊ दे. विटाच हाय, चोरी नाई केली तू."

"साडी तरी लावू दे वरून."

"साडी नाई. तिले वारा लागू दे."

महालक्ष्म्या त्या वर्षी उघड्या विटांसमोर बसल्या. येणारी प्रत्येक बाई विचारायची आणि आई प्रत्येकीला मांडवाच्या भोकांची गोष्ट सांगायची. तिसऱ्या-चौथ्या बाईपासून ती ती गोष्ट हसत सांगू लागली. सुगंधाकाकी काकांचा हात धरून जेवायला आल्या. बाबांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली, आणि पुरणाची पोळी स्वतः वाढली. आमच्या घरात बाबांनी वाढणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक.

दिवाळीआधी मावशीने गिलावा केला. त्यानंतर दुसरा पावसाळा येऊन गेला आहे, भिंत कोरडी आहे. मावशी आता तळेगावला मुलीकडे असते. शिडी चढणं सोडलं म्हणतात. आईला फोन करते तेव्हा कोणाच्या घरी काय ओल आहे ते विचारते आणि फोनवर काही सांगत नाही. "पाह्यल्याशिवाय कसं सांगू व?" म्हणते.

तळेगावला जायच्या आधी ती निरोप घ्यायला आली, ती सकाळ मला आठवते. थंडी पडू लागली होती. मी कॉलेजला निघाले होते आणि ती बोळीच्या तोंडाशी उभी होती. आत मोरीत काकी आंघोळ करत होत्या. डाव्या हाताने पाणी घेत असल्यामुळे त्यांना वेळ लागायचा. तांब्या बादलीला लागायचा, मग पाणी पडायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा पाणी.

"कोन हाय?" आतून काकींनी विचारलं.

"मी हाय, यमुना. रोज होते का व आंघोळ?"

"रोज. गरम पान्यानं."

"होऊ दे, होऊ दे. पुरी बादली घ्या. मले घाई नाई."

मी तिला घरात यायला सांगितलं. तिने हातानेच मला जा म्हटलं, उशीर होईल म्हणून. मग ती आमच्या भिंतीला पाठ टेकून उन्हात खाली बसली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि मोरीतून वाहत आलेलं पाणी तिच्या पायांजवळून नालीकडे चाललं होतं.